फलकाची बांधणी

जुरोंग ईस्टच्या स्टेशनातून बाहेर पडलात की रस्त्यावर उतरायची गरजच पडत नाही. जे-वॉक नावाची एक उंचावरची पायवाट स्टेशनपासून निघते आणि जेम, वेस्टगेट, रुग्णालय, आयएमएम असं सगळं जोडत जाते. खालून बस आणि गाड्या वाहतात, वरून माणसं. तुम्ही तिथून चालला असाल तर एक गोष्ट कदाचित तुमच्याही मनात आली असेल. आपल्याकडे चौकात ज्या उंचीवर फ्लेक्स टांगलेला असतो, साधारण त्याच उंचीवरून इथे आपण पिशव्या घेऊन चालत असतो.

रस्त्याच्या आडवा फलक सिंगापुरात जवळजवळ दिसत नाही. सेरंगून रोडवर दिवाळीच्या आधी उभारल्या जाणाऱ्या रोषणाईच्या कमानी हा मोठा अपवाद. बाकी फलक असतात ते रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या जाळीवर, नाहीतर एचडीबी ब्लॉकच्या भिंतीवर. जुरोंग ईस्टच्या वसाहतीत शिरलात की ते दिसू लागतात. सण चिनी असो, मलय असो की आपला, मांडणी ठरलेली. एका बाजूला खासदार किंवा वॉर्डातले सल्लागार हात जोडून किंवा हात हलवून हसताहेत, दुसऱ्या बाजूला शुभेच्छा. पणतीच्या जागी संत्री येतात, संत्र्यांच्या जागी केतुपात. हसू तेच.

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली वेब सिरीजचीही होते. फलकाची कोणी करत नाही. पण जरा विचार करा, परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने सार्वजनिक जागेत लिहिलेलं मराठी किती असतं? आपली मासिकं, ब्लॉग, व्हॉट्सअ‍ॅपचे गट हे सगळं घरातलं लेखन. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या नजरेला पडणारं मराठी वर्षातून एकदा-दोनदा छापलं जातं, गणपतीला आणि दिवाळीला, आणि ते बॅनरवर असतं. मग त्याच्याकडे एखाद्या मजकुराकडे बघावं तसं काटेकोरपणे बघायला काय हरकत आहे? मी चार कसोट्या लावतो. मजकूर काय आहे, अक्षर कसं आहे, बांधणी टिकते का, आणि तो उतरवला कोणी. शेवटची कसोटी कोणी लावत नाही, पण मला ती पहिल्या तिघींइतकीच महत्त्वाची वाटते.

मजकुरापासून सुरुवात करू. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एकच पेंटर होता. मांजरपाटाचं कापड भिंतीवर ताणून तो खडूच्या दोरीने दोन रेघा मारायचा, कोळशाने अक्षरं बारीक आखून घ्यायचा आणि मग ब्रश उचलायचा. पैसे अक्षरांवर. त्यामुळे बॅनर लिहून घ्यायला आलेली मंडळी दुकानाच्या पायरीवर बसून मजकूर कापत बसायची. 'सर्व नागरिक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की' हे सगळ्यात आधी जायचं. उरायचं ते कुस्त्यांचं जंगी मैदान, तारीख, वेळ, ठिकाण. चेहरा रंगवून घ्यायचा तर वेगळे पैसे आणि वेगळा वेळ, शिवाय तो ज्याचा त्याला ओळखू येईल याची खात्री नाही. म्हणून चेहरे नसत. कोपऱ्यात पेंटरची छोटी सही असे, ती मात्र फुकट.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिजिटल छपाईचं फ्लेक्स आलं आणि हिशोब उलटा झाला. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. तेवढ्या जागेत एक शब्द छापा की शंभर चेहरे, पैसे तेच. आता रिकामी जागा सोडणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. मग एका वाढदिवसाच्या फलकावर उत्सवमूर्ती मोठी, वर पक्षाचे वरिष्ठ, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंच्या रांगा. 'कार्यसम्राट', 'युवा हृदयसम्राट', 'भावी नगरसेवक' ही बिरुदं उरलेली जागा भरायला येतात. अशा फलकांना आपण हसतो आणि गावच्या पोरांना अक्कल नाही म्हणून मोकळे होतो. माझं मत वेगळं आहे. त्या फलकाची भाषा बिघडली ती छपाईच्या दराने. अक्षरावर पैसे होते तेव्हा मजकूर नेटका होता, चौरस फुटावर पैसे आले तेव्हा तो सुटला. भाषा बिघडण्याचं खापर आपण फार लवकर माणसांच्या संस्कारांवर फोडतो.

या कसोटीवर जुरोंग ईस्टचे फलक कुठे बसतात? चेहरा आधी आणि शब्द नंतर, ही चाल इथेही आहेच. चेहरे एक-दोनच असतात, चार भाषांना सारखी जागा असते आणि डोळ्याला त्रास होत नाही. पण वाचायला त्यात काही नसतं. मी इथे आल्यापासून अनेक सणांचे फलक बघितले, त्यातलं एक वाक्य आठवून सांगा म्हटलं तर सांगता येणार नाही. आपला वाढदिवसाचा फलक फार बोलतो, इथला काहीच बोलत नाही. दोघांनाही मजकुराच्या कसोटीवर मी पास करणार नाही.

आता अक्षर. इथे मला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या वीसेक मराठी घरांनी ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर दिवाळी फराळ करायचं ठरवलं. परवानगी काढली. बॅनरचं काम माझ्याकडे आलं. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढाच मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप करून एका छपाईवाल्याला पाठवला. चार मीटर लांब, एक मीटर रुंद. छपाईचा नमुना मोबाईलवर आला तेव्हा मी ऑफिसात होतो, रंग बरे दिसले म्हणून 'ओके' लिहून मोकळा झालो.

बॅनर उलगडला तेव्हा 'दिवाळी'ची वेलांटी 'द' सोडून 'व'ला जाऊन चिकटली होती. 'हार्दिक'मधला रफार सुटून पाय मोडका 'र' एकटा उभा होता आणि त्याही शब्दातली वेलांटी पुढच्या 'क'कडे सरकली होती. 'शुभेच्छा'तलं जोडाक्षर फुटून 'च'खाली हलन्ताची काठी आली होती. हे असं का होतं ते सांगतो, कारण तुमच्या गावातही हे होणार आहे. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढतात. संगणकात ती उच्चाराच्या क्रमानेच साठवलेली असते, तिला उचलून आधी नेण्याचं काम सॉफ्टवेअरचं. छपाईवाले वापरतात त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची ती सोय बरेचदा बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. ती नसेल तर अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जातात, आणि छापणाऱ्याला ती लिपी येत नसेल तर त्याला काही वावगं दिसत नाही. उपाय सोपा आहे. मजकूर टाइप करून पाठवू नका. स्वतःच्या संगणकावर नीट दिसतो तसा पीडीएफ करा, किंवा अक्षरांचं बाह्यरेषांमध्ये रूपांतर करून पाठवा. मग ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं, आणि चित्र मोडत नाही. आणि नमुना ऑफिसात लिफ्टची वाट बघताना तपासू नका.

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं नाही. २०१७ साली इथल्या राष्ट्रीय दिनाच्या माहितीपत्रकात तमिळ मजकूर असाच विस्कटून छापला गेला होता आणि आयोजकांना माफी मागावी लागली होती. तमिळ ही या देशाची अधिकृत भाषा आहे. तिची ही गत, तर मराठीला कोण विचारतो?

बॅनर बघून मोठी माणसं हसली. 'चालतंय की, कोण वाचतंय इथे' असं दोघा-तिघांनी म्हटलं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सिंगापूरच्या शाळेत मातृभाषेच्या तासाला तमिळशिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू यांतली एक भाषा घेता येते. मराठी त्या यादीत नाही. म्हणून आपली बरीच मुलं हिंदी घेतात आणि देवनागरी हिंदीतून शिकतात. ती बॅनरपुढे उभी राहिली आणि बोट फिरवत एकेक अक्षर जसं छापलं होतं तसं वाचू लागली. दोनदा अडखळली. मी म्हटलं, अगं, ते 'दिवाळी' आहे, चुकीचं छापलंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पण बाबा, एवढं मोठं कसं चुकीचं छापतील?"

तिचं बरोबर होतं. मुलांच्या लेखी जे मोठ्या अक्षरांत, सगळ्यांसमोर लावलेलं असतं ते प्रमाण. पुण्यातल्या मुलाला पाटीवर एक चूक दिसली तर त्याच्याभोवती हजार बरोबर पाट्या असतात, तो सावरतो. जुरोंग ईस्टमधल्या मुलीसाठी त्या वर्षातली ती एकमेव मराठी पाटी होती. 'कोण वाचतंय इथे' या प्रश्नाला उत्तर आहे. ती वाचत होती.

तेव्हापासून मी अक्षरांकडे नीट बघू लागलो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली की जाहिरातीतल्या त्या दोन-तीन शब्दांवरूनच नाटक कसं असेल याचा अंदाज यावा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फाँट केला आणि जगभरच्या संगणकांवर देवनागरी वाचता येऊ लागली. एवढा वारसा असताना आपण बॅनरवर हाताला लागेल तो फाँट टाकतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, ते फाँटमध्ये आहेत का हे बघत नाही. 'वाऱ्या'मधला अर्धा र नीट उमटतो का हे बघत नाही. आणि देवनागरीला उंची लागते हे तर विसरतोच. रोमन अक्षरासाठी आखलेल्या पट्टीत आपलं अक्षर बसवलं की वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा द्यावी लागते, मग मूळ अक्षर निम्म्यावर येतं. लांबून वाचायच्या अक्षराचा जुना ढोबळ नियम आहे, दर दहा फुटांना एक इंच. शंभर फुटांवरून वाचायचं तर अक्षर दहा इंची हवं, आणि ते दहा इंच शिरोरेषेखालच्या अंगाचे, मात्रांसकट नव्हेत. याचा अर्थ एक मीटर रुंदीच्या बॅनरवर देवनागरीची एकच ओळ बसते, फार तर दोन. तुम्हाला पाच ओळी लिहायच्या असतील तर पत्रक छापा.

तिसरी कसोटी बांधणीची. लेखनाच्या बाबतीत आपण 'बांधणी घट्ट आहे' हे कौतुक म्हणून म्हणतो. फलकाच्या बाबतीत तसं म्हणण्याआधी थांबावं लागतं.

तो चुकलेला बॅनर आम्ही तरीही लावला. दुसरा छापायला वेळ नव्हता. चार कोपऱ्यांना चार रिंगा होत्या, त्यांतून प्लास्टिकचे पट्टे ओवून दोन खांबांमध्ये तबल्याच्या चामड्यासारखा ताणून बसवला. सुरकुती नाही म्हणून स्वतःवर खूश होतो. पहाटे सुमात्रा स्क्वॉल आला. इथे राहणाऱ्यांना तो माहीत आहे. साधारण एप्रिल ते नोव्हेंबरच्या काळात मलाक्का सामुद्रधुनीकडून पहाटे पहाटे वादळी ढगांची एक रांग चालून येते आणि तास-दोन तासांत सगळं झोडपून निघून जाते. ४० ते ८० किलोमीटर वेगाचे झोत त्यात नेहमीचे. १७ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी तर आमच्या शेजारच्याच तेंगामध्ये ताशी ८३ किलोमीटरची नोंद झाली. आमच्या वेळचा वारा एवढा नसावा. सकाळी खाली गेलो तर दोन रिंगा कापडाचा तुकडा घेऊन खांबाला लटकत होत्या आणि बॅनर सायकलींच्या रॅकवर पडला होता. मला आधी बरंच वाटलं, निदान तो आता कोणी वाचणार नव्हतं. मग लक्षात आलं की तासाभराने तिथूनच शाळेची मुलं जाणार होती.

हिशोब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण २५ किलोच्या भाराइतका दाब टाकतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आमचा बॅनर चार चौरस मीटरचा, म्हणजे शंभर किलो. चार रिंगांवर वाटला तर एकेका रिंगेला पंचवीस किलो, तेही झटक्यांनी. त्याच बॅनरला कडेने दर अर्ध्या मीटरला रिंग असती तर वीस रिंगा झाल्या असत्या आणि प्रत्येकीवर पाच किलो आले असते. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर. तो स्वतः सहसा फाटत नाही, फाटतो तो रिंगेपाशी आणि कडेला. म्हणून कड दुमडून उष्णतेने जोडलेली हवी, नुसती चिकटवलेली नको, आणि त्या दुमडीतून दोर ओवलेला असेल तर फारच चांगलं. वाऱ्यासाठी अर्धगोल कापे मारायची पद्धत आपल्याकडे कापडी बॅनरपासून आहे. फ्लेक्सवर तिचा फार उपयोग होत नाही. कापा उघडून जाते ती जागा थोडी, आणि प्रत्येक कापा ही फाटण्याची सुरुवात असते. खुल्या जागेत लावायचं असेल तर जाळीचं कापड मागा. त्यातून वारा जातो. बारीक तपशील त्यावर नीट उमटत नाहीत, त्यामुळे चेहरे आपोआप कमी होतात.

रस्त्याच्या आडवा फलक बांधायचा तर याहून अवघड. बारा मीटर रुंदीचा रस्ता, मध्ये सहा चौरस मीटरचा फलक, त्याच वाऱ्यात दीडशे किलोचा भार. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती जितकी सरळ ताणाल तितका खुंटीवर ओढ जास्त येतो. बारा मीटरच्या दोरीला मध्यभागी साठ सेंटिमीटर झोळ असेल तर टोकांवर भाराच्या अडीच पट ताण येतो, म्हणजे पावणेचारशे किलो. झोळ तीस सेंटिमीटरवर आणलात की पाच पट, साडेसातशे किलो. वरच्या आणि खालच्या दोरांत तो वाटला जातो, पण खांबाला दोन्ही मिळून तेवढं सोसावं लागतं. विजेचा खांब त्यासाठी उभा केलेला नसतो, जुन्या वाड्याचा कठडा तर नाहीच. आपल्याकडची तोरणं आणि पताका मुद्दाम सैल सोडलेल्या असत, आणि पताका तुटक त्रिकोणी तुकड्यांची असते, वारा मधून निघून जातो. बांधणारा गणित शिकलेला नसेल, पण तुटलेली तोरणं त्याने पाहिलेली असत. आम्ही तबल्यासारखा ताणला तेव्हा आमच्यापैकी तिघे इंजिनियर होते.

फलक हसण्यावारी नेण्याची गोष्ट का नाही, ते इथे येऊन थांबतं. १२ सप्टेंबर २०१९ ला चेन्नईत दुचाकीवरून घरी निघालेल्या तेवीस वर्षांच्या तरुण इंजिनियरवर रस्त्याच्या दुभाजकावर लावलेला एक फलक पडला. तोल जाऊन ती पडली आणि मागून आलेल्या टँकरखाली गेली. फलक एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा होता. १७ एप्रिल २०२३ ला पुण्याजवळ किवळे इथे पावसापासून आडोसा घेतलेल्या माणसांवर होर्डिंग कोसळलं, पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर आलं, तिथे सतरा मृत्यू झाले. परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० ची असते. हे सगळे एका मापाचे फलक नव्हेत. पण प्रत्येक वेळी कोणीतरी वाऱ्याचा विचार न करता आपलं नाव वर टांगलं होतं आणि त्या नावाशी काही देणंघेणं नसलेला माणूस खाली होता.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. महाराष्ट्राचा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निर्देश दिले, आणि ते का पाळले जात नाहीत हे पुढेही त्याच न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. सिंगापुरात बाहेर जाहिरात फलक लावायला परवाना लागतो आणि निवडणुकीतल्या पोस्टरवरही अधिकृत शिक्का असावा लागतो. ३ मे २०२५ च्या मतदानाआधी जुरोंग ईस्टच्या दिव्यांच्या खांबांवर पोस्टरं होती, आणि काही दिवसांतच खांब पुन्हा मोकळे झाले होते.

इथे चौथी कसोटी येते, उतरवण्याची. 'टिकाऊ बॅनर' असं आपण छपाईवाल्याला सांगतो तेव्हा नक्की काय मागत असतो? कार्यक्रम एका संध्याकाळचा, फ्लेक्स वर्षानुवर्षांचं. कुजत नाही, आणि जाळलं तर घातक धूर. केरळने २०१९ साली पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली ती यामुळेच. महाराष्ट्रात मात्र उतरवलेल्या फ्लेक्सला एक दुसरं आयुष्य असतं. पावसाळ्याआधी ते झोपड्यांच्या छपरावर जातं, भाजीच्या गाडीवर जातं, कांद्याच्या ढिगावर जातं. शुभेच्छुक आतल्या बाजूला, नाहीतर बाहेरच्या. कोणाच्या तरी घरात पाणी येऊ न देणं हेच त्या फलकाने केलेलं सगळ्यात चांगलं काम असतं, आणि फलक लावणाऱ्याच्या मनात ते कधीच नव्हतं.

उतरवणं हेही एक काम आहे आणि तेही नीट करावं लागतं. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्याच्या जुना बाजार चौकात होर्डिंगचा लोखंडी सांगाडा भर दुपारी सिग्नलला थांबलेल्या रिक्षा-गाड्यांवर पडला आणि चार जण गेले. तो वाऱ्याने पडला नाही. तो काढायचंच काम चालू होतं, आणि कापायला सुरुवात खालून केली होती.

मग तुम्ही विचाराल, निकाल काय? सिंगापूर पास आणि महाराष्ट्र नापास? इतकं सोपं मला वाटत नाही. बांधणी आणि उतरवणं यांत जुरोंग ईस्टला मी पूर्ण गुण देईन. मजकुरात नाही. ज्या फलकावर कोणाला काही सांगायचंच नाही तो कितीही नीट बांधला आणि वेळेवर उतरवला तरी रस्त्यावर जागाच अडवतो. आपल्या गावच्या जुन्या कापडी बॅनरला सांगायचं होतं, पेंटरला अक्षर येत होतं आणि बांधणाऱ्याला वारा कळत होता. त्याचं छायाचित्र घेऊन रडण्यात अर्थ नाही, तो पेंटर आता फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतो. पण बॅनर करताना त्याच्यासारखे प्रश्न विचारता येतात. कोण वाचणार? किती लांबून? वारा कुठून येतो? आणि कार्यक्रम संपल्यावर शिडी कोण धरणार?

आम्ही पुढच्या दिवाळीला फ्लेक्स छापला नाही. जाड कापड आणलं, मुलांना जमिनीवर बसवलं, खडूची दोरी मारली. मजकुरावर तासभर वाद झाला. 'हार्दिक शुभेच्छा' माझ्या मुलीने उडवल्या, ते तर सगळेच लिहितात म्हणाली. शेवटी पाच शब्द उरले. 'फराळ तयार आहे. खाली या.' हिंदीच्या तासाला न भेटणारा 'ळ' तिने आधी वर्तमानपत्राच्या कागदावर वीस वेळा गिरवला. तरी बॅनरवर त्याची दुसरी गाठ जरा मोठीच आली. आठव्या मजल्यावरच्या चिनी आजी थांबून काय लिहिलंय म्हणून विचारत होत्या, मुलीने वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. आजी खरंच संध्याकाळी खाली आल्या. त्यांना चकली आवडली, अनारसा नाही.

त्या वेळी वरखाली मिळून अठरा रिंगा लावल्या, कापड थोडं सैल सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी शिडी धरली आणि मी गाठी सोडल्या. बॅनर घडी करून आमच्या बेडरूमच्या कपाटात वरच्या खणात आहे. मजकुरात तारीख नाही, त्यामुळे दरवर्षी चालतो. यंदा दोर मात्र बदलावा लागेल, एका टोकाला उसवलाय.